मामाच्या कानाला सोसेल असा आवाज

सहादेवमामाला कमी ऐकू येतं, असं सगळ्या गावाने धरून ठेवलं होतं. खरी गोष्ट उलटी होती. त्याला जास्त ऐकू येत होतं, निदान त्याच्या सोसण्यापेक्षा तरी जास्त.

मामा विहिरींना सुरुंग लावायचं काम करायचा. तीन वर्षांपूर्वी एका विहिरीत वात भलतीच लवकर जळाली आणि मामा दोराला लटकून अर्ध्यावर असतानाच खाली बार उडाला. हातपाय शाबूत राहिले, पण डाव्या कानात एक बारीक घूंऽऽ सुरू झालं ते कायमचं. हळू बोललेला एखादा शब्द त्याच्याकडून निसटायचा, म्हणून माणसं ओरडून बोलायची. ओरडलं की कानात सुई घातल्यासारखं व्हायचं, म्हणून मामा तोंड वेडंवाकडं करायचा. ते तोंड बघून माणसांना वाटायचं की याला अजूनही ऐकू आलेलं नाही, आणि ती आणखी वरचा सूर लावायची.

शेवटी मामाने गावात येणंच सोडलं. कर्जतच्या बाजूला त्याचा मळा होता, तिथल्या छपरात तो आणि लंकामामी राहायचे. मामी भांडी घासताना खाली पोतं अंथरायची, म्हणजे ताट दगडाला लागून वाजायला नको.

एकाहत्तर सालच्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं, केशरचं, लग्न ठरलं. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. केशरला मामा एकच. त्यात शाळेसाठी ती तीन वर्षं त्याच्याकडे राहिलेली. पाठीला वाळका भोपळा बांधून तिला विहिरीत पोहायला शिकवलं ते त्यानेच. पण मामाने मामीकडून निरोप धाडला, "पोरीला साडी देतो, आंदन देतो, पर मांडवात येत न्हाई. भोंगा लागनार, आन् मी सगळ्यांदेखत पळत सुटनार. त्यापरीस नकोच."

आई म्हणाली, चुलतमामा उभा करू. केशर शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "दुसरं कुनी नको. जागा मोकळी ऱ्हाऊ दे."

"आगं, लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. मामा न्हाई तर मामा न्हाई, त्यात लोकांचं काय जातंय?"

मला ती मोकळी जागा आत्ताच दिसायला लागली होती.

मी त्या वेळी बी.एस्सी. होऊन नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. माझ्या दृष्टीने हा प्रश्न मोजण्यासारखा होता. मामाला नेमका कोणता आवाज टोचतो? किती मोठा, किती अंतरावरून? सरांची परवानगी काढून मी ठोकल्यावर एकेकच सूर देणाऱ्या सात पोलादी नादकाट्यांची पेटी आणि मोजपट्टी घेतली आणि मामाच्या मळ्यात जाऊन थडकलो.

"ह्ये काय आनलंस? घोड्याचं नाल ठोकायचं सामान?" मामाने विचारलं.

"मामा, मी एकेक वाजवतो. कानाला लागलं की हात वर कर."

"आन् लई लागलं तर?"

"तर मला एक ठेवून दे."

मामा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण मामी चुलीपासून उठून बघायला आली.

खालच्या सुराचे काटे मामाने अगदी जवळ घेतले तरी काही वाटलं नाही. एक तर म्हणाला पुन्हा वाजव, बरं वाटतंय. वरच्या सुराचे दोन काटे मात्र हाताच्या अंतरावरही नकोसे झाले. मग मी वाटीवर चमचा वाजवला, मामाचा हात लगेच वर. बैलगाडीचा खडखडाट चालला, लोखंडी पहार दगडावर आपटली ती नाही चालली. वहीत मी लिहून ठेवलं: घुमणारा आवाज सोसतो, खणखणणारा सोसत नाही. भोंगा पत्र्याचा असतो, त्यातून घुमणारा भाग जवळजवळ येतच नाही, खणखणणारा तेवढा दूरवर जातो. म्हणजे मामाचा राग आवाजावर नव्हता, भोंग्यावर होता.

आमच्या भागात लग्नाला भोंगे पुरवायचा तो मिरजगावचा भीमा. त्याला मी सांगितलं की मांडवात भोंग्याऐवजी कागदी पडद्याचा स्पीकर लावायचा आहे. भीमाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला नवरदेवाच्या घोड्याजागी शेळी बांधायला सांगत होतो.

"मास्तर, त्यो डब्यातला आवाज. बिरादरीत नाव जाईल माझं."

"एकदा ऐक तर."

बंद पडलेल्या जुन्या रेडिओतला आठ इंची स्पीकर मी चहाच्या रिकाम्या खोक्यात बसवला होता. भीमाच्या यंत्राला तो तसाच जोडला असता तर जळला असता, म्हणून मध्ये त्याच रेडिओतला लहान ट्रान्सफॉर्मर घातला. मग मामाला बांधावर बसवून आधी भोंगा लावला. साठ पावलांवरही मामाचा हात वर. मग खोकं लावलं. चाळीस पावलांवर काही नाही, वीसवर नाही, दहावर नाही. पाच पावलांवर मामा स्वतःच उठून जवळ आला आणि खोक्यावर तळहात ठेवून म्हणाला, "आर्र, हितं तर मानूस बोलतंय."

भीमाने खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. पण एक अडचण त्याने बरोबर काढली. "मास्तर, आहेर? आहेराची नावं भोंग्यावर पुकारली न्हाईत तर मानसं आहेर परत खिशात घालून जात्यात."

हे खरं होतं. आणि आमचे व्याही श्रीगोंद्याकडचे, उसाच्या पट्ट्यातले. त्यांना तर भोंगे दोन पाहिजे होते. व्याही आबासाहेब मांडव बघायला आले तेव्हा त्यांनी मोठ्या आपुलकीने स्वतःच भीमाला हुकूम सोडला, "ह्या खांबाला एक बांध. हितं नवरीचं मामा हुबं ऱ्हानार. त्यांना जरा कमी ऐकू येतं म्हनं. त्यांच्या कानाशीच असू दे, मंजी त्यांनाबी समदं कळंल."

मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सुरुंग, घूंऽऽ, नादकाटे, सगळं. आबासाहेब भला माणूस. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ते समदं खरं, मच्छिंद्रराव. पर भोंग्याबिगर लगीन मंजी तेरावं वाटतं हो."

मग मला सुचलं. "आबासाहेब, आहेराचं नाव कुणाला ऐकू जायला पाहिजे? मांडवातल्यांना?"

"मांडवातल्यांना तर दिसतंयच की. जे आलं न्हाईत त्यांना ऐकू गेलं पायजे. ह्याच गावात ऱ्हानारं आमच्या भावकीतलं तिघं रुसून बसल्यात, त्यांना तर लईच ऐकू गेलं पायजे."

"मग भोंग्याची तोंडं बाहेर करू. दारातल्या लिंबाच्या शेंड्यावर दोन्ही भोंगे, तोंड गावाकडं. मांडवात खोकं."

आबासाहेबांनी लिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं. मग भीमाला म्हणाले, "आजून एक फांदी वर जाईल का रं?"

तरीही मी अंतर मोजलं. लिंबावरून मागे मांडवात येणारा आवाज पुढच्यापेक्षा खूपच कमी होता, पण अगदी नाहीसा नव्हता, आणि आहेर पुकारायला दोन तास तरी लागणार. तेवढ्या वेळासाठी कानावर काहीतरी हवं होतं.

नगरला लष्कराची छावणी आहे, आणि भिंगारच्या बाजूला लष्कराच्या लिलावातला माल विकणारं एक दुकान होतं. तिथून मी एक हेडफोन आणला. पातळ पोलादी पट्टी, दोन्ही टोकांना काळ्या टणक चकत्या. मामाने घातला आणि लगेच काढून मामीच्या हातात दिला. "ह्ये कानाला चिमटं हायेत. आरं, चप्पल घ्यायची तर आपला पाय नेतोस ना? मग माझं कान हितं ठिवून तू कसा गेलास?"

म्हणून मामाला एस.टी.ने नगरला नेलं. पूर्ण वाट त्याने कानात कापूस घालून आणि वर उपरणं गुंडाळून काढली. दुकानदाराने तीन-चार प्रकार समोर टाकले. रबरी वाट्यांचा एक होता, त्याने बाहेरचं सगळं बंद झालं. मी खूश झालो, पण मामाने मान हलवली.

"भायेरचं गेलं खरं, पर आतलं घूंऽऽ केवढं झालं! रिकाम्या रांजनात बसल्यावानी वाटतंय."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. विचार केला तर बरोबर होतं. बाहेर काहीच नसलं की आतलंच ऐकू येणार. शेवटी निवडला तो रणगाड्यातल्या माणसांचा हेडफोन. मऊ कातड्याच्या जाड गाद्या, पट्टी सैल करता येणारी. दुकानदार म्हणाला, यात इंजिनाच्या धडधडीतही हुकूम ऐकू येतात. मामाने तो घालून दोन मिनिटं डोळे मिटले. मग म्हणाला, "ह्यात बारीक आवाजात कायतरी लावता आलं तर घूंऽऽ दबंल. अगदी बारीक. चुलीवर भात शिजताना येतो ना, तेवढा."

माझ्याकडे एक ट्रान्झिस्टर होता. त्याला हेडफोन जोडला, मध्ये एक कंडेन्सर घालून खणखणणारा भाग कापून टाकला आणि आवाज मामाने स्वतःच्या बोटाने ठरवला. ती खूण मी बटणावर खिळ्याने कोरली. ट्रान्झिस्टर बंडीच्या खिशात, वायर गळ्यातून वर, हेडफोन फेट्याखाली. मामी म्हणाली, "फेटा टोपल्यायेवढा दिसतोय." मामा म्हणाला, "दिसू दे. सासरकडची म्हनतील, नवरीचा मामा मोठा मानूस हाय."

लग्नाच्या दिवशी तो मांडवात आला. आबासाहेबांनी वायर पाहिली आणि मला कोपराने ढोसलं, "काय हो, मामा बातम्या ऐकत्यात व्हय?"

"शेतकऱ्यांसाठी काहीतरी चाललंय."

"मग पावसाचं काय म्हनत्यात तेवढं इचारा."

अंतरपाट धरला. मामा केशरच्या पाठीशी उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवून. खोक्यातून भटजींचा आवाज माणसासारखा येत होता. पहिल्या मंगलाष्टकाला मामाने फेटा काढून माझ्याकडे दिला, मग हेडफोनही. "ह्ये ऐकायचंय," एवढंच म्हणाला. मी मागे भीमाच्या यंत्रापाशी जाऊन आवाज आणखी थोडा कमी करायला सांगितलं. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. मामा डोळे मिटून ऐकत होता आणि केशरने मान जरा मागे टेकवली होती.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि माझी नजर मांडवाच्या कडेला गेली. तिथं वाजंत्री उभे होते. दोन ताशे, एक हलगी. काड्या हातात, भटजींच्या तोंडाकडे डोळे लावून. तिसऱ्या सावधानाला अक्षता पडल्या रे पडल्या की ते एकदम वाजवतात. हे मी लहानपणापासून शंभर लग्नांत पाहिलेलं. मी भोंगे मोजले, अंतरं मोजली, नादकाटे आणले, आणि ताशाचं नाव वहीत कुठंच नव्हतं. ताशा, म्हणजे त्या सगळ्यांत खणखणीत.

हेडफोन माझ्या हातात होता आणि मध्ये चार रांगा माणसं. मी घुसलो. "सावधान" झालं, अक्षता उडाल्या, ताशे कडाडले. मामाचे हात केशरच्या खांद्यावरून सुटले. त्याने कान दाबले, पण डोळे बाहेर पडायची वाट शोधत होते. वाट नव्हती, सगळीकडे माणसं.

तेवढ्यात अंतरपाट खाली आला. केशरसमोर नवरदेव हार घेऊन उभा. तिने हातातला हार कोपरात अडकवला, नवरदेवाकडे पाठ केली आणि दोन्ही तळहात मामाच्या हातांवर घट्ट दाबून धरले. तिच्या हातातल्या हिरव्या चुड्यावर अक्षता पडत होत्या. कपाळ मामाच्या कपाळाला लावून ती काहीतरी सांगत होती. ताशात मला ऐकू आलं नाही.

बायकांमध्ये कुजबुज झाली, "आगं बया, नवरीनं पाठ केली की!"

आबासाहेबांनी हात वर केला. वाजंत्र्यांना वाटलं, जोरात वाजवा म्हणतात. त्यांनी जोर केला. तेव्हा आबासाहेब स्वतःच चालत गेले आणि एका ताशावर पालथा तळहात ठेवला. दुसरा आपोआप थांबला. हलगीची एक थाप उशिरा पडली, मग तीही नाही.

मी पोहोचलो तोवर सगळा मांडव शांत झाला होता. मामाने केशरचे हात कानांवरून खाली घेतले, पण सोडले नाहीत.

"पळालो न्हाई बग," तो म्हणाला.

"बगितलं."

"आता फीर तिकडं. पोरगं कवाचं हार घिऊन हुबं हाय, हात भरून आलं आसत्याल त्येचं."

केशर वळली. नवरदेवाने मान खाली केली आणि अगदी हळू विचारलं, "घालू का?"