पापणी नसलेला दिवा

अनादि अंधाराच्या उदरातून प्रकाश जन्मतो, आणि एकदा जन्मलेल्या प्रकाशाला मरण नाही. कांदळबेटावर मात्र तो रोज जेवणं उरकली की मरत असे; कारण जोमाला झोप येई.

चहूकडे निळंसावळं, निःश्वासणारं, नित्यजागं पाणी. मधोमध कांदळवनाची हिरवी झालर नेसलेलं इवलंसं बेट. पलीकडच्या किनाऱ्यावर शहराचा रत्नखचित, मदोन्मत्त झगमगाट. आणि अलीकडे, धक्क्यालगतच्या पत्र्याच्या खोपटात, जोमाचं डिझेलचं इंजिन. सांज कलली की ते खोकत, खाकरत जागं होई, आणि घराघरांत पिवळी फुलं उमलत.

दिवे प्रत्येक घरात होते. बटण एकाही घरात नव्हतं. हवं कशाला? अख्ख्या बेटाचं बटण एकच होतं, आणि त्याला मिशा होत्या.

इंजिन थांबवण्याआधी जोमा क्षणभर दिवे मंद करी, पुन्हा उजळी. बेट म्हणे, ‘जोमानं डोळा मारला.’ मग ताटं सरत, चटया पसरत, आणि अंधार पाऊल न वाजवता समुद्रावरून उंबऱ्याच्या आत येई.

“अख्ख्या गावाला डोळा मारणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता!” बामाबाय आपल्या नवऱ्याला म्हणे.

“गावाला नुसतं कळवतो गं,” काळोखात चाचपडत आलेला जोमा म्हणे, “डोळा तुलाच मारतो.”

आणि तिच्या चटईशेजारची चटई डिझेलच्या वासानं भरून जाई. तो वास तिचा मोगरा, तो वास तिचं चंदन.

गेल्या श्रावणात जोमा गेला. ताप आला, आणि होडी मिळेपर्यंत ताप थांबला नाही. त्याच्यामागे इंजिनानंही हाय खाल्ली. कुणी हँडल फिरवलं की नुसतं हुंदका देई आणि गप्प होई. बेट पुन्हा रॉकेलच्या चिमणीशी येऊन बसलं.

मग समुद्राच्या तळातून वीज आली.

कृष्णवर्ण, कृष्णसर्पासारखी केबल बार्जच्या पोटातून उलगडत गेली. शेवाळात, शिंपल्यांत, तुटल्या नांगरांच्या कुशीत निजली. सागरानं तिच्यावर आपली पाण्याची गोधडी ओढली. धक्क्यावर बेंजो वाजला, भाषणं झाली, पेढ्यांना मुंग्या लागल्या. पलीकडून आलेल्या निवास नावाच्या वायरमननं घरोघरी पांढरी बटणं बसवली. बामाबायच्या भिंतीवर तर तिला उभं करून, मापून, बरोब्बर खांद्याशी.

त्या रात्री बेट मनसोक्त जागलं, आणि बटणं दाबून निजलं.

बामाबायनं दोन्ही चटया अंथरल्या आणि ती दिव्याकडे बघत बसली. दिवा मंदावला नाही. मिचकला नाही. शुभ्र, स्थिर, निष्पाप, निष्ठुर. पापणी नसलेला डोळा.

पहाट झाली, दिवा जळत राहिला. दुपार झाली, दिवा जळत राहिला. भरती आली, ओसरली, पुन्हा आली. बामाबायच्या घरात दिवा जळत राहिला.

“बाय गं, भर उन्हात दिवा?” शेजारची हिरूबाय दारातून ओरडली. “सूर्याला वाट दाखवतेस काय?”

“ज्याचं काम त्यानं करावं,” बामाबाय म्हणाली.

हिरूबायच्या जिभेवर पुढचा टोमणा तयार होता. तिनं तो पदरात धरून तसाच घरी नेला. आणि वायरमनला निरोप धाडला.

निवास आला. भिंतीवरचं बटण त्यानं खटखटवून पाहिलं. दिवा गेला, आला. बटण ठणठणीत होतं.

“असं नाही रे,” बामाबाय म्हणाली. “आधी मंद. मग पुन्हा मोठा. मग बंद. तिकडून नाही का तसं करता येत? जेवणं झाली की?”

“काकी, तिकडून पापणी हलवली तर अर्धं शहर बोंबलेल.” तो हसला, त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि हसू त्याच्या ओठांवरच विझलं. “आता तिकडं कुणी बंद करत नाही, काकी. ज्याचं त्यानं करायचं.”

बाहेर सांज उतरत होती. गुलाली, जांभळी, राखी. धक्क्यावरच्या खोपटाच्या पत्र्याला गंज चढत होता. पाण्याच्या तळाशी, माशांच्या निजेखाली, वीज मुकाट वाहत होती. न खोकता, न खाकरता, कुणाचीच नसलेली.

बामाबाय उठली. शेजारची चटई तिनं उचलली, उंबऱ्याबाहेर झटकली, वास घेतला. समुद्राचा वास आला. नुसता समुद्राचा. मग ती चटई सावकाश, एखादं मूल निजवावं तशी, तिनं गुंडाळली आणि कोपऱ्यात उभी केली.

निवास पायांत चपला सरकवत होता.

“जाता जाता तेवढं बटण बंद कर रे बाबा,” ती म्हणाली. “माझा हात पोचत नाही.”