चावीची वायर

धाकट्याने शेवटचा स्क्रू आवळला आणि पंख्याची पाती बोटाने फिरवून पाहिली. कुठे घासत नव्हती. या म्हाताऱ्या गाडीचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून त्या जागी विजेचा बसवायला त्याची सगळी सकाळ गेली होती.

बाकावर बसलेल्या थोरल्या भावाने मान डोलावली. मांडीवर ठेवलेल्या त्याच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलं होतं. मधली तीन बोटं असल्याच एका पंख्याने नेली होती. गाडी बंद होती, चावी काढलेली होती, म्हणून दादाने बिनधास्त आत हात घातला. धाकट्याने पंख्याची वायर चावीच्या वायरीऐवजी थेट बॅटरीच्या वायरीला जोडली होती. इंजिन तापलेलं होतं, पंखा आपला आपण सुरू झाला.

त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून वहिनी धाकट्याशी बोलत नव्हती. राहायचं एकाच घरात, पण बोलणं सगळं नवऱ्यामार्फत. "त्यांना विचारा, भात हवा का." धाकटा समोरच बसलेला. दादाही गंभीरपणे विचारायचा, "भात हवा का रे?" आधी आधी याचं हसू यायचं. पुढे कुणालाच येईना.

आज ती डबा घेऊन आली आणि परत जायचं नावच काढेना.

"गॅरेज विकत मागणाऱ्याला आज होकार कळवायचाय. सांगा त्यांना."

"गॅरेज विकून करू काय? घरी बसून माशा मारू?" दादा म्हणाला. "मला पाना धरता येत नाही, त्याला येतो. तो करेल, मी बघेन."

"बघाल! त्या दिवशी काय डोळे मिटले होते? अहो, एक हात घालवून बसलात. दुसरा गेला की मी घास भरवीन, त्याचं काही नाही. पण तो यांच्या हातून जायला नको."

धाकटा खाली मान घालून फडक्याने हात पुसत राहिला. ती खोटं कुठे बोलत होती?

दादाचं डोकं सटकलं. उठून त्याने गाडी चालू केली, इंजिन चांगलं कडकडीत तापू दिलं, मग बंद करून चावी शर्टाच्या खिशात टाकली. पंख्याचा फ्यूज अजून लावलेला नव्हता, धाकट्याने तो हातात घेतला.

"वायर बरोबर असेल तर चावीशिवाय पंखा हलणार नाही," तो बायकोला म्हणाला, आणि त्याने डावा हात पात्यांच्या मध्ये घातला. "लाव रे फ्यूज."

"अहो, काढा तो हात! काढा म्हणते ना!"

"लाव."

धाकट्याने फ्यूज खाचेपाशी नेला. दादाच्या खिशातून चावीचं कडं बाहेर लोंबत होतं. सकाळी वायरी तपासताना ही चावी कुठे होती? गाडीतच होती. आणि चालू होती.

"थांब जरा, दादा. टेप गुंडाळायची राहिली."

तो दार उघडून स्टिअरिंगखाली वाकला आणि तपासायच्या दिव्याचं टोक त्याने वायरीला टेकवलं. दिवा लागला. चावी चालू असली की दोन्ही वायरींत करंट असतो, ती काढली की एकीतला जातो, एकीतला राहतो. त्याने पुन्हा तीच निवडली होती, राहणारी. बाहेर जाऊन दादाच्या पायावर डोकं ठेवावं, नाहीतर इथूनच पळून जावं, असं त्याला वाटलं. त्याने वायर सोडवून दुसरीकडे जोडली. टोक पुन्हा टेकवलं. दिवा लागला नाही.

तो बाहेर आला तेव्हा दादाचा हात तिथेच होता. वहिनीने डोळे गच्च मिटले होते.

धाकट्याने फ्यूज लावला. काहीच झालं नाही.

दादाने सावकाश हात बाहेर काढला आणि बायकोसमोर पाची बोटं नाचवली. "मोजून घे. आणि ऐक, सकाळपासून मी एकही वायर तपासलेली नाही. मुद्दामच. म्हटलं, विश्वास टाकायचा तर पुरता टाकावा."

वहिनी मटकन बाकावर बसली आणि ढसाढसा रडली. मग तिने तोंड पुसलं, डबा उघडला आणि धाकट्याकडे वळली.

"भाऊजी, या, जेवून घ्या. फार बोलले मी तुम्हाला. मनात ठेवू नका."

"नाही, वहिनी."

"त्या माणसाला नाही म्हणून कळवतो," दादा म्हणाला. "उद्याच्या दोन्ही गाड्या तूच बघ. मी जरा घरी आराम करतो. तपासायला आता मी कशाला हवा?"

धाकट्याने तोंड उघडलं. वहिनी त्याच्याकडे बघून हसत होती, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी.

"तू नको येऊस," तो म्हणाला. "मी बघतो."