तळातलं ठिगळ

मी कचऱ्याचा डोंगर बोलतोय. मला सगळं नीट आठवतं का, असं विचाराल तर खात्री देता येणार नाही. माझ्या पोटात जुनी वर्तमानपत्रं, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, कुणाकुणाचे जाडजूड प्रबंध आणि पानं सुटलेले ज्ञानकोश गाडलेले आहेत. एवढं पोटात गेल्यावर शहाणपण यायला हवं होतं. मला मात्र जिथे तिथे शंका घ्यायची सवय लागली. तेव्हा मी सांगतो त्यात चूकभूल असेल. एक गोष्ट तर मला मुळीच आठवत नाही, आणि नेमकी तीच आठवायला हवी होती.

जन्मलो तेव्हा मी डोंगर नव्हतो, खड्डा होतो. त्याआधी शहराचा कचरा उघड्यावर पडायचा, धुमसायचा, आणि त्यातलं काळं पाणी वाट फुटेल तिकडे जायचं. ते थांबवायला मला बांधलं. आधी तळाला चिकणमाती पसरून रोलरने दाबली. तिच्यावर जाड काळ्या प्लास्टिकचा कागद अंथरला. कागदावर खडी आणि भोकांच्या नळ्या येणार होत्या, म्हणजे कचऱ्याचं पाणी नळीत उतरावं, टाकीत जावं, तिथे शुद्ध व्हावं आणि जमिनीला त्याचा थेंबही लागू नये.

पण एवढा मोठा कागद अखंड कुठून मिळणार? पट्टे एकमेकांना जोडावे लागतात. ते काम एका माणसाकडे होतं. तो तापलेलं यंत्र सांध्यावरून सावकाश फिरवायचा, म्हणून सगळे त्याला इस्त्रीवाला म्हणायचे.

"इस्त्रीवाले, कॉलर कडक करा बरं का!" रोलरवरचे मामा ओरडायचे.

"मामा, या इकडे. तुमच्या तोंडावरून एकदा फिरवतो, सुरकुत्या जातील."

त्याचा प्रत्येक सांधा दुहेरी असायचा आणि दोन शिवणींच्या मध्ये एक बारीक पोकळी. सांधा पक्का आहे का ते बघायला त्या पोकळीत सुई खुपसून हवा भरायची आणि दाबाचा काटा उतरतो का ते पाहायचं. म्हणजे धडधाकट सांध्याची खात्री करायलाही त्याला एक भोक पाडावंच लागायचं. मग त्या भोकावर तापवून ठिगळ मारायचं, साबणाच्या पाण्याने तपासायचं आणि शेजारी खडूने बरोबरची खूण करायची. खूण दिसली की इंजिनीअरबाई खडी ओतायला परवानगी द्यायच्या.

इस्त्रीवाल्याला एक खोड होती. रांगेत भोकं असली की तो आधी सगळीकडे खुणा करून टाकायचा आणि मग ठिगळं मारत यायचा. खडू सारखा खिशात घालायचा, सारखा काढायचा, याचा त्याला कंटाळा.

माझ्या खालच्या उतारावर त्याच्या थोरल्या भावाचं, दादाचं घर होतं. परसात विहीर. आई गेल्यावर इस्त्रीवाल्याला त्या घरात वहिनीनेच वाढवलं. माझं काम सुरू झालं तसे शेजारी एकेक करून घरं विकून गेले. दादाचा जीव मात्र घरातून निघत नव्हता.

तळाच्या शेवटच्या कोपऱ्याचं काम चालू होतं त्या दुपारी तो डबा घेऊन आला.

"चल रे, भाजी निवतेय. तू गार जेवलास असं कळलं तर तुझी वहिनी मला उपाशी ठेवेल."

"आलो. एवढं उरकतो."

"भोक काय पळून जातंय? ऊठ आधी."

दोघं काठावर जेवायला बसले. दादाने डबा उघडला, पण घास काही घेईना.

"खरं सांग हं. हे सगळं घाण पाणी उद्या माझ्या विहिरीत नाही ना येणार? तू राहा म्हणालास तर राहतो. नाहीतर आत्ताच गाशा गुंडाळतो."

"दादा, सांधे माझ्या हातचे आहेत. बिनधास्त राहा."

तेवढ्या शब्दावर दादा राहिला.

जेवून इस्त्रीवाला परत तळात उतरला. त्या कोपऱ्याकडे गेला. गेला का? इथेच माझी आठवण दगा देते. उन्हाने माझा तळ असा तापला होता की उन्हाचा चटका कोणता आणि ठिगळाचा कोणता, ते मला कळेना. मग खडीचे ट्रक आले. बाईंनी कोपऱ्यातली खूण पाहिली आणि मान हलवली. खडी पडली.

पुढे माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी काट्यावर वजन करून गाड्या यायच्या, ठरल्या तुकड्यातच रिकाम्या व्हायच्या. मामा आता लोखंडी दात असलेल्या चाकांचं यंत्र फिरवून कचरा दाबायचे आणि संध्याकाळी त्यावर मातीचा थर पडायचा, म्हणजे वास, माश्या आणि पाखरं दूर राहतील. पोटात सडताना होणारा गॅस नळ्यांनी ओढून त्यावर वीज करायचे. माझं पाणी बाहेर झिरपलं तर कळावं म्हणून माझ्याभोवती अरुंद बोअर खणले होते. त्यांचं पाणी प्रयोगशाळेतले लोक नियमाने नेऊन तपासायचे. मी भरत होतो, वर येत होतो. माणसं काय काय टाकतात! एकदा एक चांगला पाळणा आला. त्याचा एकही गज मोडलेला नव्हता. मामांनी यंत्र थांबवलं, आणि मग दुसरीकडे तोंड फिरवून त्यावर चाक घातलं.

मग खालून बातमी आली. विहिरीच्या पाण्याला वास येतो. वहिनीचं पोट वरचेवर बिघडतं, अंगात ताकद राहत नाही.

दादा चढ चढून आला. धापा टाकत होता.

"तुझ्या भरवशावर राहिलो मी."

"दादा, बोअरचं पाणी साफ आहे. बाईंना विचार हवं तर."

"बाईंचं काय घेऊन बसलास? तुला विचारतोय मी. तुझा एकूण एक सांधा पक्का आहे?"

इस्त्रीवाल्याला खोटं बोलता आलं असतं. मला वाटतं, दादाला तेच हवं होतं. पण तो खरं बोलला.

"कोपऱ्यातल्या एका भोकावर ठिगळ मारलं की नाही, आठवत नाही. तू जेवायला हाक मारलीस ना, त्यानंतरचं... खूण होती तिथे. पण खूण मी आधीच करतो, दादा."

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या परक्या माणसाकडे पाहावं. "म्हणजे माझा डबाच नडला म्हण," एवढंच बोलला आणि उतरून गेला.

इस्त्रीवाल्याने बाईंचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. "तो कोपरा खणू द्या. मी एकटा खणतो."

"अरे, त्यावर किती थर चढलेत! खणायला गेलो तर आज जे बंद आहे ते आपणच फोडू," बाई म्हणाल्या. "आणि सुईच्या भोकातून गळलंच काही, तर खाली चिकणमाती आहे. बोअर साफ आहेत. तू झोप बघू जरा शांत."

"दोन बोअरच्या मधल्या जागेतून गेलं असेल तर?"

बाई गाड्यांच्या काट्याकडे निघून गेल्या. मी तळाशी जीव एकवटून चाचपून पाहायचो. कुठे ओल लागते का? कधी वाटायचं लागते, कधी वाटायचं हा माझ्या मनाचा खेळ. स्वतःच्या तळाशी काय आहे हे डोंगराला दिसत नाही हो.

दादा आणि वहिनी घर सोडून दूर गेले. तिथेच वहिनी गेली. धाकट्याला कळवलं ते सगळं उरकल्यावर. त्या दिवशी तो माझ्यावर चढून आला, कोपऱ्याच्या नेमका वर उभा राहिला. रडला नाही. मामा जवळ जाऊन म्हणाले, "चल, चहा घेऊ." तो म्हणाला, "मामा, तिने मला कधी गार जेवू दिलं नाही." त्यानंतर त्याने यंत्र हातात धरलं नाही. काही दिवसांनी येणंही थांबलं. तो कुठे गेला, हे मामांनासुद्धा कळलं नाही.

मी भरलो. माझ्यावर पुन्हा कागद, माती आणि गवत चढलं. आता सकाळी लोक फिरायला येतात, मुलं घरंगळतात. खाली काय आहे याचा कुणी विचार करत नाही. मी मात्र दुसरा कसलाच विचार करत नाही. बोअरचं पाणी अजून तपासायला नेतात. मी वर्षानुवर्षं दोषी म्हणून पडून होतो आणि माझी शिक्षा तो माणूस भोगत होता.

परवा प्रयोगशाळेतली मुलगी बोअरपाशी बाटल्या भरत होती. तिच्या ड्रायव्हरने सहज विचारलं, "ताई, त्या खालच्या घरातल्या विहिरीचं काय झालं? नवे लोक तक्रार करत होते ना, डोंगराचं पाणी येतं म्हणून?"

तिने सांगितलं. मी गवताच्या मुळामुळाने ऐकलं. तिच्या साहेबांनी पुन्हा तपासून सही केली, तेव्हा कुठे मीही विश्वास ठेवला.

ठिगळ होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. तो इस्त्रीवाला हयात आहे की नाही, तेही नाही. पण सांधे जोडणारा, आता थकलेला, जेवताना मध्येच हात थांबवणारा असा कुणी म्हातारा तुम्हाला भेटला, तर माझं एवढं काम करा. त्याला जवळ बसवा आणि सांगा: विहिरीत माझ्या पाण्याची एकही खूण सापडली नाही. तपासणीसाठी त्या घराच्या संडासात हिरवा रंग ओतला आणि तिसऱ्या दिवशी तो विहिरीत उतरला. घरामागचा मैल्याचा पाइप झाडाच्या मुळाने फोडलेला होता. ते मूळ मनगटाएवढं जाड झालं होतं, म्हणजे वहिनी त्या घरात होती तेव्हापासूनच तो फुटलेला असणार.