शांतवनची रोजची फिर्याद

आधी नुसतं ऐक बे. मधी बोलू नको, हसायचं तर खुशाल हस, पर सगळं होईस्तर उठू नको, शेवटाला मला तुझ्याकडून एक जवाब पायजे.

घाटनांदूरचा शांतवन तुला म्हाईत हाय ना? चष्मेवाला, चर्चमधी कॅसिओ वाजवतो तो. तर तो कॅसिओ चर्चचा नव्हता, त्याचा सोताचा होता, लग्नाच्या सुपाऱ्या वाजवून वाजवून घेतलेला. रविवारची उपासना झाली की तो चर्चच्याच कपाटात ठेवायचा, कावून की घरी शेळी वायर खाती. कपाटाला चाव्या दोन. एक शांतवनकडं, दुसरी भारतकडं. भारत म्हणजे ढोलकीवाला. दोघं लहानपणापासून एका बाकड्यावर बसून वाजवत आलेले.

नाताळ झाला, जानेवारीत एका रविवारी शांतवननं कपाट उघडलं, तर कॅसिओ गायब. कुलूप जागच्या जागी, कडी जागच्या जागी. आन त्याच आठवड्यात भारतच्या हातात नवा कोरा मोबाईल. कुठून आणला रे? तर म्हणं मावशीनं दिला. आता त्याची मावशी आपण बघितलेली हाय, ती कुणाला मोबाईल देणार? तिला सोताला फोन आला की ती शेजारणीला उचलायला लावती.

शांतवन पास्टर बबनरावांकडं गेला. ते म्हणले, "बेटा, मंडळीतली गोष्ट मंडळीत ठेव, पोलिसात नको." बरं म्हणला. आन त्यानं फिर्याद थेट वरच्या कोर्टात टाकली.

रोज सकाळी, चहाच्या आधी, ओट्यावर गुडघे टेकायचे आन सुरू. पहिल्यांदा मागणं साधंच होतं. प्रभू, भारतला समज दे. भारतला काय समज आली न्हाई. मग म्हणला, प्रभू, भारतचा मोबाईल तरी फोड. तर भारत त्याच मोबाईलवर चर्चपुढं उभा राहून फोटो काढतोय. मग शांतवननं अर्ज वाढवला. प्रभू, भारतनं ज्या हातानं माझा कॅसिओ नेला तो हात तेवढा बघ. आन वर घोटाळा व्हायला नको म्हणून खुलासा, उजवा. देवाला कळणार न्हाई कोणता हात, असं समजत होता शहाणा. आन लगेच त्याच दमात, त्याच तोंडानं, आन माझ्या चुका पोटात घाल, आमेन. मग उठून चहात खारी बुडवायची.

त्याची माय छबुबाई आत चुलीपाशी. तिला सगळं कुठलं ऐकू येतंय, तिच्या कानावर नुसतं भारत, भारत. तिनं काय समजायचं ते समजली आन महिलांच्या प्रार्थनेत डोळे पुसून सांगितलं, "माझं लेकरू बघा, ज्याच्यावर आळ हाय त्याच्यासाठीच रोज गुडघे टेकतंय." बायांनी च्यक्‌ च्यक्‌ केलं. ते पास्टरपर्यंत गेलं. शांतवनला ह्यातलं काहीच म्हाईत न्हाई.

आता तुला आमच्या गुड फ्रायडेचं सांगाय पायजे. त्या दिवशी बारापासून तीनपर्यंत उपासना असती, उपास धरून. येशूनं वधस्तंभावर सात उद्गार काढले, तर एकेका उद्गारावर एकेकानं बोलायचं. ही सात माणसं म्हणजे मंडळीतली इज्जतदार माणसं. एकदा नंबर लागला की मरेस्तर सोडत न्हाईत. दुसरा उद्गार चोराचा. येशूच्या दोन्ही अंगाला दोन चोर लटकवलेले, एक शिव्या देत होता, दुसरा म्हणला माझी आठवण ठेव, आन त्याला त्याच दिवशी स्वर्ग कबूल झाला. ह्यावर वर्षानुवर्षं विठ्ठलराव बोलायचे. ते ह्या वर्षी पोराकडं पुण्याला गेले. आन पास्टरनी भर उपासनेत नाव घेतलं, शांतवन.

लेकाच्या अंगात वारं भरलं. पांढरा शर्ट शिवायला टाकला. आरशापुढं बोलून बघितलं, शेळीपुढं बोलून बघितलं. आन डोक्यात डाव काय शिजवला, सगळे त्या माफी मिळालेल्या चोरावर बोलत्यात, आपण शिव्या देणाऱ्यावर बोलायचं. "भावांनो, त्या दुसऱ्या चोराचं काय झालं?" असं म्हणून थांबायचं. चष्मा काढायचा. आन ढोलकीकडं बघायचं. किती वेळ बघायचं ते सुद्धा त्यानं ठरवून ठेवलं होतं. देव न्याव करायला उशीर लावतोय तर आपण थोडा हातभार लावू, असा सगळा प्रकार.

गुड फ्रायडे आठवड्यावर आला आन सकाळी सकाळी छबुबाई बाहेरून पळत आली. भारत त्याच्या मामाच्या रसवंतीवर बसायचा, स्टेशनच्या रस्त्याला. मशीनमधी ऊस ढकलताना हात आत गेला. दोन बोटं गेली. अंबाजोगाईला नेलाय.

शांतवनच्या हातात चहा होता. आता खोटं कशाला सांगू, त्याला पहिलं काय वाटलं म्हाईत हाय? बरं वाटलं. एक घोट बरं वाटलं. दुसरा घोट घ्यायच्या आधी कप खाली ठेवला.

"माय, हात कोणता?"

"कोणता का असंना. बोटं गेली लेकराची."

"पर कोणता?"

"डावा म्हणत्यात. आन तू काय पंचनामा करायलास?"

डावा म्हणल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. आपला अर्ज उजव्याचा होता. वरच्या कोर्टात एवढी गफलत होत नसती, म्हणजे ही केस आपली न्हाईच. आन दुसरं असं की तलाठ्याच्या परीक्षेसाठी तो किती वर्षं मागायलाय, ते कधी ऐकू गेलं न्हाई, मग हेच बरं ऐकू गेलं? म्हणजे एक तर देव आपलं काहीच ऐकत न्हाई, न्हाई तर फक्त असलंच ऐकतो. ह्या दोन्हीतलं वाईट कोणतं ते त्याला ठरवता येईना. दिवसभर त्याच इचारात शेळीला दोनदा पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी पास्टरनी त्याला गाडीवर मागं बसवलं आन अंबाजोगाईला काढली. वाटंत म्हणले, "तू संगं असलास म्हणजे बरं. तुझी प्रार्थना लागू होती."

शांतवन गाडीवरून पडायचाच राहिला. "म्हणजे कसं, पास्टर?"

"छबुबाईनी सांगितलं की सगळं. रोज भारतचं नाव घेऊन मागतोस म्हणं."

"हां, नाव तर घेतो," शांतवन म्हणला. ह्यात खोटं एक अक्षर न्हाई, बघ.

दवाखान्यात भारत खाटंवर बसलेला. डावा हात पट्ट्यांनी केवढा तरी झालेला. पास्टर डॉक्टरला भेटाय गेले आन हे दोघंच राहिले. भारतनं चहाचा गिलास उजव्या हातानं उचलला, तो कलंडला आन निम्मा चहा चादरीवर.

"डावखुऱ्याची लई फजिती हाय बे," भारत म्हणला.

आन शांतवन जागच्या जागी गार. लहानपणापासून शेजारी बसतोय, भारतची ढोलकी सगळ्यांच्या उलटी असती, त्याचं कोपर ह्याच्या बरगडीत बसतं म्हणून ह्यानंच कितीदा शिव्या घातल्यात. फिर्यादीत एवढं लिवायचं तेवढं इसरला. वर बसलेल्यानं दुरुस्त करून घेतलं, असं त्याला वाटलं.

भारत खाली बघत म्हणला, "कॅसिओ मीच नेलता."

"म्हाईत हाय."

"परळीला इकला. मोबाईलसाठी."

"ते बी म्हाईत हाय."

"मग बोलला कावून न्हाईस?"

शांतवन बोलत तर रोजच होता, पर दुसरीकडं.

"देवानं बरोबर सजा दिली, शांत्या. त्याच हातानं नेलता, तोच हात घेतला."

"तसं नसतं बे. मशीन हाय ती. कुणाचा बी जातो."

"म्हणजे देवानं न्हाई केलं?"

आता आली का पंचाईत. न्हाई म्हणावं तर तीन महिने गुडघे फुकट झिजवले. हो म्हणावं तर आपण संगं आरोपी. आन तुला खरं सांगतो, त्याच्या मनाचा एक कोपरा असा हलकट, की त्याला वाटत होतं हो म्हणावं, आपल्या शब्दाला वर वजन हाय हे कुणाला तरी कळावं. शेवटी म्हणला, "देवाचं देवाला म्हाईत." पास्टर लोकांना उत्तर येत न्हाई तवा ते हेच म्हणत्यात.

"मला माफ केलंस का?"

"केलं." एवढ्या झटक्यात म्हणला, जसं कुणी जेवलास का इचारल्यावर आपण म्हणतो.

"मग एक मागतो. शुक्रवारचा तुझा दुसरा उद्गार मला दे."

शांतवनला वाटलं आपल्याच हातावरून मशीन फिरली. सजा माफ, कॅसिओ माफ, सगळं माफ, पर नंबर?

"तुला आराम पायजे बे. उन्हाचं एवढा वेळ बसणं, उपास..."

"बसून बोलतो."

"पाचवा बघ की. तहानेचा. लई सोपा हाय, उन्हाळ्यावर बोललं तरी भागतं."

"तो मुक्ताबाईचा हाय. आन मी चोर हाय, शांत्या. मला चोराचाच दे."

येताना पास्टर एवढंच म्हणले, "नंबर तुझा हाय, तू ठरव." शांतवननं ठरवायला गुरुवार उजाडवला. शिंप्याकडून शर्ट आला, घालून बघितला, काढून ठेवला. मग भारतला फोन केला, घे म्हणला. आता ह्यात मोठेपणा बघू नको. त्याचा हिसाब असा होता की नंबर दिला म्हणजे वरचं प्रकरण मिटलं, तडजोड झाली, दोन्ही पार्टी घरी. आन फोन ठेवल्या ठेवल्या त्याला सोताचं लई कौतुक वाटलं. पास्टर हे उपासनेत सांगतील का, का आपण कुणाकडून तरी कानावर घालावं, इथपर्यंत गडी जाऊन आला.

शुक्रवार आला. पत्र्याचं चर्च, वर ऊन, आत सगळे उपाशी, पंखे नुसते गरम हवा ढवळायलेत. पहिला उद्गार झाला. भारत उठला, पट्टीचा हात छातीशी धरून पुढं गेला. भाषण-बिषण न्हाई. म्हणला, कपाटातला कॅसिओ मी नेला, मोबाईल घेतला, मावशीचं खोटं सांगितलं. हात गेला तवा वाटलं देवानं हिसाब केला. मला देवाची भीती वाटाय लागली, दवाखान्यात डोळे मिटून प्रार्थना सुद्धा करवंना.

पुढं म्हणला, "मग पास्टरनी सांगितलं, शांतवन माझ्यासाठी रोज सकाळी गुडघे टेकायचा. मी त्याचा चोर, आन तो माझं नाव घ्यायचा. तवा म्हणलं, माणूस एवढं करतो तर देव कशाला बोटं तोडंल कुणाची. ते मशीननंच केलं. देव तसला न्हाई. त्या दिवसापासून मला झोप लागायली."

बायांनी पदर डोळ्याला लावले. छबुबाई तर हुंदके देऊन रडाय लागली. आन भारतनं माईक पुढं केला.

"शांत्या, माझं झालं, टाईम तुझाच हाय. ये वर. माझ्यासाठी काय मागत होतास ते सगळ्यांना सांग, मला बी ऐकायचंय."

सगळं चर्च मागं वळलं. शांतवन उठला. बाकड्यापासून व्यासपीठ केवढं, पर त्याला चालताना सगळं दिसाय लागलं. चोराला सजा मागणारं तोंड हेच, आन आपल्याला माफी मागणारं बी हेच, मधी दम सुद्धा घेतला न्हाई. देवानं दोन्ही अर्ज एकाच मापानं मोजले असते तर आज पट्टी कुणाच्या हाताला असती? खरं सांगावं तर भारतला जो देव कसाबसा गावला हाय, तो ह्याच्या एका वाक्यात परत जातोय. त्याची झोप जाती. न सांगावं तर त्या पोराचा सगळा विश्वास ह्याच्या लबाडीवर उभा. आन ऐकणारा वर बसलेला हाय, त्याला तर सगळी फिर्याद तोंडपाठ.

माईक हातात आला. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. पुढं भारत, चेहरा एकदम मोकळा, वाट बघायलाय.

आता बोल बे. तू असतास तर काय केलं असतंस?