चांदोबा पोचला का?

मी चांदोबा बोलतोय. दचकू नका. दचकायचं काम माझं. कुणी जोरात शिंकलं तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि मला तर पोटही नाही, नुसता चेहराच आहे.

मी आकाशातला नाही. कागदाच्या लगद्याचा आहे, पेणचा. दिनानाथशेठच्या गणपतीच्या कारखान्यात माझा जन्म झाला. टीव्हीवरच्या एका मालिकेला चंद्राचा मुखवटा हवा होता. कारखान्यात साचे सगळे बाप्पांचे, चंद्राचा कुठून आणणार? शेठनी जरा डोकं खाजवलं आणि एका मोठ्या मूर्तीच्या पोटाच्या साच्यात लगदा दाबला. चेहरा छान गोल आला. फक्त मधोमध बेंबी राहिली.

"बाबा, चंद्राला बेंबी?" शेठची मुलगी सुरभी घाबरून म्हणाली. कॉलेजातून आली की ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. तिने बेंबीभोवती दोन रेषा ओढून तिचं नाक केलं. पण डोळे काढताना हाताला सवय बाप्पांच्याच डोळ्यांची. मालिकावाले मला न्यायला आले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने आधी मला नमस्कार केला आणि मग उचललं.

मालिकेचं नाव 'चांदोबा भाडेकरू'. चित्रीकरण रोह्यात. उंचावर राहून चंद्राला चक्कर येऊ लागते, म्हणून तो खाली उतरतो आणि इंदुबाई नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहतो, अशी गोष्ट. कंपनीत कामाला लागतो, पण त्याला फक्त नाइट शिफ्ट जमते. पौर्णिमा उलटली की रोज थोडा बारीक होतो, आणि "माझ्या हातचं मानवत नाय का रे तुला?" म्हणून इंदुबाई डोळ्यांना पदर लावतात. बारीक करायची युक्ती सोपी होती. साहिल नावाचा नट मला तोंडावर बांधायचा आणि माझ्यावरून एक काळं फडकं थोडं थोडं पुढे सरकवायचा.

स्वतःची स्तुती बरी नव्हे, पण मालिका गोड होती हो! तिच्यात कुणी कुणाच्या दुधात काही मिसळलं नाही. एकदा तर अख्खा भाग चांदोबाला चहा कसा फुंकून प्यायचा हे शिकवण्यात गेला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर लागायची आणि मूर्ती घासणाऱ्या बायांचे घास हातातच राहायचे.

मग एका अमावास्येच्या भागात चांदोबाला घरची आठवण आली. पिशवी घेऊन तो रोहा स्टेशनावर गेला आणि विचारू लागला, "वर जाणारी गाडी कुठली?" कुणीतरी पनवेलची गाडी दाखवली. बसला बिचारा. कासू आलं तरी गाडी काही वर जाईना, म्हणून उतरला आणि फलाटावर उभा राहून आकाशाकडे बघू लागला.

तिथेच मालिका बंद पडली. पाहणारे थोडे आहेत म्हणे. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला दोन सासवांचं भांडण सुरू झालं.

मालिकेचं सामान सांभाळणाऱ्या सुशील नावाच्या पोराने मला कारखान्यात आणून दिलं. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

घासकाम करणारी पुतळीमावशी कासूकडची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. ती भयंकर चिडली. "आमच्या कासूला आणून टाकला नि गेले! माणूस घरी पोचला तर पोचलो म्हणून फोन तरी येतो. याचा आला का गो? जेवताना घास उतरत नाय माझा."

"मावशी, ती मालिका आहे," सुरभी म्हणाली. पण तिनेही अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

त्यात एके दिवशी मूर्ती ठरवायला एक गिऱ्हाईक आलं. समोर मला पाहून त्याने चटकन डोळ्यांवर हात धरला. "शेठ, गणपतीच्या कारखान्यात चंद्र? चवथीच्या तोंडावर?" गिऱ्हाईक गेल्यावर शेठ गुरगुरले, "उद्या त्याला पिंपात भिजत घाला. लगदा तरी कामाला येईल."

पिंप माझ्यासमोरच होतं. माझी काय अवस्था झाली असेल!

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडण्याआधीच पुतळीमावशी उठली. "भिजवा नायतर काय करायचा ते करा. आधी त्याला घरी पोचवायचा." सुरभीने माझ्या कानांच्या भोकांतून दोरी ओवली आणि तिचं दुसरं टोक आढ्यावरून टाकलं. मावशी इंदुबाई झाली. बाकीच्या बाया कासूचे प्रवासी. सुरभीने दोरी ओढली. मी हललो. खरं सांगतो, मालिकेतल्या चांदोबासारखी मलाही उंचीची भीती वाटते.

तेवढ्यात शेठ आत आले. शेठनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"पिशवी कुठाय त्याची?"

"कसली पिशवी?" सुरभीने विचारलं.

"अगं, निघाला तेव्हा हातात पिशवी होती ना? निळी."

"दिनुशेठ!" मावशीने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तुम्ही बघत होता व्हय?"

"जेवताना समोर चालू असायची," शेठ भिंतीकडे बघत म्हणाले. मग स्वतःच्या डब्याची पिशवी रिकामी करून त्यांनी माझ्या दोरीला बांधली. "आता ओढ. हळू. पंख्याला लागेल."

मी वर जाऊ लागलो. मावशीने एकदम दोरीला हात घातला. "थांब गो जरा." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "जा बाबा. तिथं चहा फुंकून पी."

तेव्हापासून मी आढ्याला आहे. चवथीला माझ्यावर काळं फडकं टाकतात, तेवढीच माझी सुट्टी. पिंपाचं नाव निघालं की शेठच म्हणतात, "घरी गेलेल्याला परत कशाला बोलवायचं?" आणि मावशी आता दोन घास जास्त जेवते.

तुमच्यापैकीही कुणी ती मालिका पाहिली असेल, आणि गाडी कासूला थांबली की अजून खिडकीतून फलाटावर मला शोधत असाल, तर आता शोधू नका. मी पोचलो. इथे कोळ्यांची जाळी फार आहेत आणि खाली बघितलं की गरगरतं. बाकी सगळं ठीक.