पृथ्वीचं पोट

गल्लीत त्यांना मंगळवारकाका म्हणत, कारण कुणी कधीही विचारलं तरी या शिंप्याकडचा कपडा मंगळवारीच मिळणार असायचा. कुठल्या मंगळवारी, ते विचारायची सोय नव्हती. आता मात्र सातासमुद्रापार राहणाऱ्या लेकीच्याच लग्नाचा झगा मशीनवर होता आणि तिनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, मंगळवारी माझं विमान सुटतंय, तुमच्या घड्याळानं सकाळी सहाला. उतरल्यावर झगा हातात दिसला नाही, तर सरळ दुकानातून तयार घेईन."

तयार कपडा म्हणजे त्या घरात शिवीच होती.

मंगळवार उजाडला. काकांनी भिंतीवरच्या नकाशावर टेप ताणली, तिच्या विमानतळापासून आपल्या विमानतळापर्यंत. आलेल्या किलोमीटरांना विमानाच्या वेगानं भागलं आणि गडी खूश झाला.

"अठरा तास आहेत. मध्यरात्रीशिवाय येत नाही ती. जरा चहा टाक."

काकू चहाऐवजी लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल घेऊन आल्या. दोन्ही गावांवर बोटं ठेवून त्यांनी दोरा ताणला, तर तो नकाशावरची वाट सोडून भलताच वर, बर्फाळ मुलखातून गेला. हिशेब केला, तेरा तास.

"आयुष्यभर लोकांची पोटं मोजलीत," काकू म्हणाल्या, "आणि पृथ्वीला पोट नाही असं धरून चाललात?"

मग जी धांदल उडाली, तिला तोड नाही. मशीन धडधडत होती, काकू बटणं लावत होत्या, मांजर अस्तरात गुरफटलं होतं. कॉलर टॅक्सीत लागली. खालच्या घेराची हेम विमानतळाच्या बाकावर, काकूंच्या अंगावर झगा चढवून, त्यांना गोल गोल फिरवत घातली. येणारे-जाणारे थांबून बघत होते आणि काकू लाजायच्या सोडून हसत सुटल्या होत्या. ठीक सातला काकांनी दोरा दातानं तोडला. जन्मात पहिल्यांदा ते वेळेवर होते, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पण फलकावर लेकीचं विमानच नव्हतं. काकूंनी घाबरत फोन लावला, तर तो लगेच उचलला गेला.

"अगं, तू आहेस कुठे?"

"घरी. बॅग भरतेय."

"आणि विमान?"

"उद्या आहे, बुधवारी." लेकीला हसू आवरेना. "बाबांना खरा दिवस सांगून कसं चालेल? म्हणून मंगळवार सांगितला. झाला का झगा?"

"झालाय गं," काकू म्हणाल्या. "खरंच झालाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

काकांनी फोन हातात घेतला. "म्हणजे अजून अख्खा दिवस आहे?" त्यांनी विचारलं आणि खिशातून कात्री काढली. "मग या बाह्या उसवून नीट करतो."

काकूंनी अंगावरच्या झग्यासकट धूम ठोकली.