अक्काची खोली नियमात बसते

भावजय किंचाळली तेव्हा अक्का प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात उताणी पडलेली होती. हात अंगालगत, पाय जुळवलेले, डोळे आभाळाकडे. छोट्या फोनवरचं बोलणं अर्धवट टाकून धावला. गवंडी पाण्याची बाटली घेऊन धावला. आर्किटेक्टबाई टाचांच्या चपला हातात घेऊन धावल्या. सगळे येऊन पोचल्यावर अक्काने मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "पाय बाहेर जातायत का गं माझे?"

"कशाच्या बाहेर, वन्सं?" भावजयीने धापा टाकत विचारलं.

"रेघेच्या. खाट आडवी लावली तर बसते का ते बघतेय."

बसत होती. वर शिवणयंत्रालाही जागा उरत होती. अक्का अंग झटकत उठली आणि सगळ्यांसमोर खुदकन हसली. साठी उलटलेल्या बाईने मातीत लोळून असं हसावं, हे गवंड्यालासुद्धा इतकं आवडलं की तोही हसला. भावजय तेवढी कपाळाला हात लावून उभी राहिली.

त्या दिवशी सकाळीच फक्कीने पांढऱ्या रेघा मारून घराची आखणी झाली होती. घर कसलं, वाडाच म्हणा. छोट्या, त्याची बायको, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, सगळ्यांच्या खोल्या त्यात होत्या. आणि अगदी मागे, धान्याच्या कोठीला लागून, एक लहानसा चौकोन अक्काचा होता. छोट्या म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ. वय पंचावन्न, पोट सुटलेलं, नळ आणि पाइपांचं भरभक्कम दुकान. अख्खा बाजार त्याला शेठ म्हणायचा. अक्कासाठी मात्र छोट्या तो छोट्याच.

अक्काचं लग्न झालं नाही. का झालं नाही, ते सांगायला आता कुणी उरलेलं नव्हतं, आणि विचारायला कुणाला सवडही नव्हती. ती शिंप्यांच्या दुकानांसाठी काजं-बटणं करायची. शर्टाची काजं, ब्लाऊजचे हूक, कोटाची बटणं. मुलगी होती तेव्हापासून हेच. जुन्या घरात ती हॉलमध्येच काम करायची आणि हॉलमध्येच झोपायची. पाहुणा आला की पसारा उचलायचा, पाहुणा गेला की पुन्हा मांडायचा. पाहुणा मुक्कामाला राहिला तर स्वयंपाकघरात अंथरूण घालायचं. कुणाला वाईट वाटलंच तर ती आधीच म्हणून टाकायची, "मला काय, कुठंही चालतं." इतक्या वेळा म्हटलं होतं की घरात ते भिंतीवरच्या घड्याळासारखं होऊन गेलं होतं. वाजायचं, पण कुणाच्या कानावर पडायचं नाही.

म्हणून त्या चौकोनाचं तिला किती अप्रूप होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्लॉटवरून परत येताना तिने भावजयीला पडद्याचा रंग सांगितला. मग बदलला. घरी पोचेपर्यंत पुन्हा पहिलाच ठरवला.

रेघा मारायची घाई छोट्याची. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नकाशा अजून नगरपालिकेतून मंजूर होऊन यायचा होता. तो त्याच आठवड्यात आला, पण नामंजूर होऊन आला. आर्किटेक्टबाईंनी चहाचा कप बाजूला सारून सगळ्यांना समजावून सांगितलं. ठरावीक मापापेक्षा मोठं नवं घर बांधणाऱ्यांना आता नवा नियम लागू झाला होता. एवढं मोठं घर थंड ठेवायला जी वीज लागते ती आटोक्यात हवी. म्हणजे भिंती जाड, छतावर ऊन अडवणारा थर, पश्चिमेला काच अगदी बेताची. शेवटी पंखा लावून घराच्या फटींतून हवा कुठे निसटते का, ते तपासणार. त्यात पास झाल्याशिवाय राहायला जायचा दाखला नाही.

"पश्चिमेला काच बेताची म्हणजे?" छोट्याचा आवाज बदलला.

कारण पश्चिमेची काच हा छोट्याचा जीव की प्राण होता. हॉलची अख्खी भिंत, दोन मजले उंच, नुसती काच. सोफ्यावर बसून सूर्यास्त बघायचा. दुकानात नळ घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने ती काच हात पसरून दाखवली होती. हात पुरत नव्हते, म्हणून स्टुलावर चढून दाखवली होती.

बाई म्हणाल्या, दोन वाटा आहेत. घर एवढंच मोठं ठेवायचं तर काच सोडावी लागेल. काच हवीच असेल तर घर थोडं लहान करायचं. फार नाही, एखादी खोली कमी केली तरी माप खाली येतं, मग हा नियम आपल्याला लागतच नाही.

सुनांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. छोट्याचं बोट नकाशावरून फिरत फिरत मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.

"ही काढली तर? अक्का नाहीतरी हॉलमध्येच झोपते. तिला कुठंही चालतं. हो ना गं अक्का?"

आणि अक्काच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हो, मला काय."

बोलल्यावर तिला वाटलं, ही जीभ उपटून हातात घ्यावी. पण शब्द निघून गेले होते, छोट्याचा चेहरा उजळला होता आणि बाई पेन्सिलने त्या चौकोनावर फुली मारत होत्या. अक्का उठली आणि चहाचे कप विसळायला गेली. कपांत चहा होता, तरी विसळले.

दुसऱ्या दिवशी दोरे आणायला जाते म्हणून ती घराबाहेर पडली ती थेट नगरपालिकेत. नवीन घरांच्या परवान्यांच्या टेबलामागे एक काडीसारखा तरुण साहेब बसला होता. त्याचा चेहरा असा, की येणारा प्रत्येक माणूस त्याच्याशी भांडूनच गेला असावा. अक्का ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली. आमच्या शेजाऱ्यांचं घर आहे, त्यांनी विचारायला सांगितलंय, अशी तिने सुरुवात केली. साहेबाने मान वर न करताच सांगून टाकलं की घर कागदावर लहान कसं दाखवायचं, हे इथे सांगितलं जात नाही. सकाळपासून सगळे तेच विचारतायत.

"नाही हो. मोठं कसं ठेवायचं, ते विचारायचंय."

साहेबाने पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली आणि अक्काला बसायला सांगितलं. हे विचारणारं माणूस त्याला नोकरीत पहिल्यांदाच भेटलं असावं, कारण तो असा काही सुटला की थांबेना. घर म्हणजे थर्मास समजा, बाई, म्हणाला. बाहेरचं ऊन बाहेर, आतला गारवा आत. मग पंखे कमी, एसी कमी, बिल कमी, आणि वस्तीचे दिवेही जात नाहीत. पश्चिमेला काचेची भिंत घालणं म्हणजे थर्मासचं झाकण उघडं टाकून चहा गार का झाला म्हणून रडणं. नियमाचं खोल्यांशी काही भांडण नाही. हव्या तेवढ्या ठेवा, फक्त वीज वाया घालवू नका.

"म्हणजे खोली काढायची काही गरज नाही?"

"अजिबात नाही. कुणाची खोली आहे?"

"माझी," अक्का म्हणाली.

जरा मोठ्यानेच म्हणाली. रांगेतले लोक वळून बघायला लागले. तिचे कान तापले, पण तिथेच बसून तिने त्या परक्या पोराला सगळं सांगून टाकलं. तिला काही मोठं नकोय. फक्त अर्धं काज अर्धंच ठेवून झोपावं, सकाळी उठून ते तिथेच सापडावं. एवढंच. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं; खरं तर स्वतःलासुद्धा नाही. साहेब मान हलवत राहिला. मग म्हणाला, "बसते बाई तुमची खोली. नियमात बसते."

अक्का निघाली ती पायीच. पाय कसले, जमिनीवर ठरत नव्हते. वाटेत दोऱ्यांचं दुकान लागलं, तेही मागे पडलं. बोलायचं काय, याची उजळणी करत ती चालली होती, आणि बघणाऱ्याला वाटावं, बाई एकटीच कुणाशी तरी हुज्जत घालतेय. घरी जाऊन संध्याकाळी सावकाश बोलू, असं तिने ठरवलं होतं. पण संध्याकाळपर्यंत हा जोर टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून ती तशीच छोट्याच्या दुकानात शिरली.

छोट्या स्टुलावर उभा होता. खाली एक गिऱ्हाईक हातात नळ धरून वर बघत होतं. काच दाखवणं चाललं होतं.

"छोट्या, खाली उतर."

बाजारात त्याला छोट्या म्हणणारं कुणी नव्हतं. तो घाईघाईने उतरला.

"काच काढ. माझी खोली ठेव."

छोट्याने गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग अक्काकडे. हळू आवाजात म्हणाला, "अगं, काल तूच म्हणालीस ना. नेहमीच म्हणतेस. कुठंही चालतं."

"खोटं बोलत होते."

"काल?"

"नेहमीच."

गिऱ्हाइकाने नळ अलगद गल्ल्यावर ठेवला, पण निघून काही गेलं नाही. छोट्या स्टुलावरच खाली बसला. एवढ्या वर्षांत त्याने बहिणीला काही मागताना पाहिलं नव्हतं, आणि मागणारी माणसं कशी दिसतात, हे तर दुकानदाराला नीट ठाऊक असतं. ही तशी दिसत नव्हती. ही आपली वस्तू परत न्यायला आल्यासारखी उभी होती.

"मग आधी बोलायचं नाही का?"

"आत्ता बोलले ना."

छोट्या रुसला. चांगला आठवडाभर रुसला. जेवताना बोलेना, दुकानात स्टूल उलटं करून ठेवलं. अक्का मनातून हलली होती. दोनदा तिच्या ओठांवर 'राहू दे रे' आलं आणि दोन्ही वेळा तिने ते गिळलं. शेवटी भावजयीनेच तोंड उघडलं. सूर्यास्त बघायला तुम्ही रोज दिवे लागल्यावर घरी येता, दुपारभर त्या काचेमागे भाजून निघणार मी, असं तिने भाकरी वाढता वाढता सांगितलं. दोन्ही सुनांनी माना डोलावल्या. छोट्याने घास चावून संपवला आणि फोन उचलला. "बाई, काच कापा," त्याने आर्किटेक्टबाईंना सांगितलं. "आणि ती मागची फुली पुसा."

अक्काचा जीव भांड्यात पडला. आत जाऊन ती पदराने डोळे पुसत हसली.

छोट्याचा मात्र स्वभावच असा, की एखाद्या गोष्टीत पडला तर आकंठ बुडायचा. शिव्या घातलेला नियम महिन्याभरात त्याचा स्वतःचा होऊन गेला. भिंतीत कुठला थर घालतात, छत का पांढरं रंगवायचं, हे तो आता गिऱ्हाइकांना स्टुलावर चढून सांगायला लागला. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. छोट्याने घर नुसतं बांधलं नाही, त्याचं लग्न लावल्यासारखा नाचला.

तपासणीच्या दिवशी तर कहर झाला. तो काडीसारखा साहेब यंत्र घेऊन हजर. मुख्य दाराच्या चौकटीत त्याने जाड कापड ताणून बसवलं, त्यात भला मोठा पंखा लावला. पंखा घरातली हवा बाहेर ओढायला लागला, तशी सगळी मंडळी श्वास रोखून उभी राहिली, जणू त्यांच्या श्वासानेही आकडा बिघडला असता. साहेबाने यंत्राकडे पाहिलं आणि मान हलवली. नापास.

छोट्याचा चेहरा खर्रकन उतरला. आणि उतरलेल्या चेहऱ्याने तो सवयीचंच बोलून गेला, "त्या मागच्या खोलीतूनच जात असणार हवा. ती नसती तर ही तपासणीच लागली नसती."

दाखला अडला तर घर अडणार, आणि घर अडलं तर बोट कुणाकडे वळणार, हे अक्काला कळत होतं. साहेब धुराची नळी पेटवून मागच्या खोलीत गेला, त्याच्यामागे सगळी वरात. त्याने खिडकीच्या चौकटीभोवती नळी फिरवली. धूर सरळ वर चढत राहिला, तसूभरही हलला नाही. एक एक खोली करत वरात हॉलमध्ये आली. टीव्हीच्या मागे धूर एकदम विस्कटला. साहेबाने टीव्ही सरकवला. भिंतीला आरपार भोक होतं, आणि त्यातून सुसाट वारा आत येत होता.

"हे कुणी पाडलं?"

कुणालाच बोलायची गरज पडली नाही. गेल्या आठवड्यात टीव्हीच्या वायरीसाठी शेठनी स्वतः ड्रिल चालवलं होतं, आणि कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. धाकटी सून पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. साहेबही हसला. भोक बुजवलं, पंखा पुन्हा लागला, आणि या वेळी साहेबाने यंत्र वळवून आकडा सगळ्यांना दाखवला. छोट्याने त्याला मिठीच मारली. मग अक्कापाशी आला, पण मिठी मारायचं धाडस झालं नाही. नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या खोलीत काही नव्हतं गं. माझंच भोक होतं."

राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी माणसांची रीघ लागली. छोट्या प्रत्येकाला घर दाखवत होता. भिंतीवर थापट्या मारून आवाज ऐकवत होता. दुपारचं ऊन रणरणत होतं आणि घर आतून गारेगार होतं. अक्का आपल्या खोलीत कोटाची काजं करत बसली होती. खाटेवर कापडं, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे, खिडकीत बटणांच्या राशी, आणि दार लोटलेलं. माणसांचा गलका जवळ आला, अगदी दारापाशी आला आणि थांबला.

मग दारावर टकटक झाली.

हे आपल्यासाठी आहे, हे अक्काला आधी उमजलंच नाही. आजवर तिच्यासाठी कुणी दार वाजवलं नव्हतं. पुन्हा टकटक झाली, या वेळी जरा हळू. "अक्का," बाहेरून छोट्याचा आवाज आला, "पाहुणे आलेत. येऊ का आत?"

अक्काचा हात पसाऱ्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"जरा थांबा," ती म्हणाली.

बाहेर सगळे थांबले. कुणीतरी खोकलं. अक्काने सुई उचलली, उरलेले टाके सावकाश घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. काज उजेडाकडे धरून नीट आलंय का ते बघितलं. मग पसारा होता तसाच ठेवून तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "या."